घरगुती 'पॉम': छोट्या संकरित कुत्र्याचा स्वभाव, आरोग्य आणि निगा

टोकदार कान, पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी आणि पांढरे किंवा बदामी दाट केस असलेला छोटा कुत्रा भारतातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत गेली अनेक वर्षे घरोघरी दिसतो. त्याला सर्रास 'पॉमेरियन' किंवा नुसते 'पॉम' म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांपैकी फार थोडे कुत्रे खरे पॉमेरेनियन असतात. बहुतेक कुत्रे भारतीय स्पिट्झ किंवा स्पिट्झ, ल्हासा अप्सो आणि देशी कुत्रा यांच्या मिश्रणातून जन्मलेले असतात. त्यांच्या कुळाची नोंद कोठेही नसते. या कुत्र्यांना होणारे अनेक आजार टाळता येण्याजोगे असतात. मात्र मालक जातीच्या नावावर विसंबून राहिल्याने ते वेळीच लक्षात येत नाहीत, हा पशुवैद्यकांचा नेहमीचा अनुभव आहे.

पॉमेरेनियन हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया या प्रदेशावरून पडले. हा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. तेथील स्पिट्झ कुत्रे मूळचे बऱ्यापैकी मोठे होते. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथून लहान चणीचे पॉमेरेनियन मायदेशी आणले, त्यानंतर लहान आकाराची आवड वाढत गेली. आजचा शुद्ध पॉमेरेनियन जेमतेम दोन ते तीन किलोंचा असतो. ब्रिटिश राजवटीत भारतात आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून येथील उष्ण हवेत टिकणारा भारतीय स्पिट्झ तयार झाला. त्याच्या लहान प्रकाराचे वजन साधारण पाच ते सात किलो भरते. १९९४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'हम आपके हैं कौन' या हिंदी चित्रपटातील 'टफी' हा पांढरा कुत्रा प्रेक्षकांच्या लक्षात राहिला आणि आधीच लोकप्रिय असलेल्या या कुत्र्याची मागणी आणखी वाढली. घरच्या मादीला झालेली पिल्ले शेजारी-पाजारी देण्याची पद्धत असल्याने संकरही वाढत गेला. त्यामुळे आजचा घरगुती 'पॉम' पाच किलोंचा असू शकतो, तसाच दहा किलोंचाही.

संकर आणि आरोग्य

संकरित कुत्रा आपोआप निरोगी असतो, हा समज सर्वत्र आढळतो. याविषयीचे पुरावे मात्र संमिश्र आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१३ मध्ये सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. त्यांपैकी दहा विकार शुद्ध जातींमध्ये अधिक आढळले, तेरा विकारांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण संकरित कुत्र्यांत जास्त निघाले. ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित २०२४ च्या अभ्यासात शुद्ध जातींचे मध्यक आयुर्मान १२.७ वर्षे, तर संकरितांचे १२ वर्षे आढळले. याच अभ्यासात लहान आकाराच्या आणि लांब नाकाच्या माद्यांचे आयुर्मान १३.३ वर्षे निघाले. हे आकडे ब्रिटनमधील असून ते भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही कुत्र्याचा आकार आणि चेहऱ्याची ठेवण यांना कागदावरील जातीइतकेच महत्त्व आहे, एवढा बोध त्यांतून होतो. घरगुती 'पॉम'चे नाक लांब असते. चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला होणारा श्वासाचा त्रास त्याला सहसा होत नाही, ही त्याची मोठीच जमेची बाजू होय.

स्वभाव

स्पिट्झ गटातील कुत्रे चौकस, चपळ आणि भुंकणारे असतात. जिन्यात पाऊल वाजले, शेजारच्या घराची घंटा वाजली तरी हा कुत्रा घर डोक्यावर घेतो. राखणीसाठी हा गुण उपयोगी असला तरी सदनिकांमध्ये तोच तक्रारीचे कारण ठरतो. तो घरातील एका व्यक्तीला विशेष लळा लावतो, अनोळखी माणसांपासून अंतर ठेवतो आणि दीर्घकाळ एकटे राहणे त्याला मानवत नाही. देशी कुत्र्याचे रक्त असल्यास सावधपणा अधिक दिसतो. ल्हासाचा अंश असल्यास थोडा हट्टीपणा.

तथापि ही केवळ सर्वसाधारण लक्षणे आहेत. अमेरिकेतील संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कुत्र्यांच्या वागणुकीतील वैयक्तिक फरकांपैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास फरकाचे स्पष्टीकरण जातीवरून देता येते. उरलेला भाग त्या त्या कुत्र्याची प्रकृती, त्याचे संगोपन आणि त्याला आलेले अनुभव यांचा असतो.

यांपैकी संगोपन सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला निरनिराळी माणसे, लहान मुले, वाहनांचे आवाज, मिक्सर, पावसाची छत्री अशा गोष्टींची हळूहळू ओळख करून दिली, तर पुढे ते बुजत नाही. आई आणि भावंडांसोबत खेळताना चावा किती जोराचा झाला की समोरचा कळवळतो, हे पिल्लू शिकते. चौथ्या-पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडलेल्या पिल्लांमध्ये हा धडा अपुरा राहतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करण्यास मनाई आहे. बाजारात मात्र डोळे नुकतेच उघडलेली पिल्लेही 'दीड महिन्याची' म्हणून खपवली जातात.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मोठा कुत्रा गुरगुरला की घरातील सर्वजण सावध होतात. छोटा गुरगुरला की हसतात आणि त्याला उचलून घेतात. व्हिएन्ना येथे २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात लहान कुत्र्यांचे मालक शिस्तीत सातत्य कमी ठेवतात आणि असे कुत्रे अधिक भित्रे व आक्रमक असल्याचे त्यांचेच मालक सांगतात, असे आढळले. जेवताना किंवा झोपेत त्रास दिल्यास छोटा कुत्राही चावतो आणि त्याच्या दातांच्या उंचीवर बहुधा लहान मुलाचा चेहरा असतो. मारून किंवा ओरडून भुंकणे थांबत नाही, उलट भीती वाढते. शांत राहिल्यावर लगेच खाऊचा लहानसा तुकडा देणे, दाराची घंटा वाजल्यावर ठरावीक जागी बसायला शिकवणे आणि दिवसातून दोनदा नीट फिरवून आणणे, हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. गच्चीवर सोडणे म्हणजे फिरवणे नव्हे. वास घेत चालण्याची कुत्र्याला गरज असते.

आहार

दूध-पोळी किंवा दहीभात हा अनेक घरांतील कुत्र्यांचा पिढीजात आहार आहे. त्यात प्रथिने आणि आवश्यक खनिजे कमी पडतात. शिवाय पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. सहा किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ४५० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभर कॅलरींच्या आसपास जाते. म्हणजेच घरातील चार जणांनी प्रेमाने आपापल्या ताटातील एकेक पोळी दिली, तर त्याचा दिवसभराचा आहार पोळीतच संपतो. लठ्ठपणा ही या कुत्र्यांची मोठी व्याधी आहे. दाट केसांखाली ती दिसत नाही, म्हणून बरगड्यांवरून हात फिरवून पाहावे. हलक्या स्पर्शाने बरगड्या जाणवल्या पाहिजेत.

अंडी, शिजवलेले चिकन किंवा मासे, भात, भोपळा, गाजर यांचा घरगुती आहार देता येतो. परंतु कॅल्शियमसह इतर घटकांचा समतोल पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा. शाकाहारी घरांमध्ये तर हे अधिकच आवश्यक आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि साखरविरहित पदार्थांतील झायलिटॉल हे कुत्र्यांसाठी विषारी होत. लहान शरीराला त्यांची लहान मात्राही पुरते. बेदाणे घातलेला शिरा आणि फोडणीतील कांदा-लसूण यांकडे भारतीय घरांत सहज दुर्लक्ष होते. शिजवलेल्या हाडांचे तुकडे होऊन आतडी फाटण्याचा धोका असतो. माणसांच्या ताप-वेदनेच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

केस आणि ऊन

स्पिट्झचा केसांचा थर दुहेरी असतो. आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. आठवड्यातून तीन-चार वेळा मुळापर्यंत विंचरले नाही, तर कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे गुंता होतो व त्याखालची त्वचा ओलसर राहून सडते. पावसाळ्यात हे अधिक घडते. अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा कुत्र्यांच्या शांपूने पुरेशी असून केस मुळाशी कोरडे करणे अंघोळीइतकेच महत्त्वाचे आहे.

उन्हाळा आला की कुत्र्याचे केस पूर्ण भादरण्याची प्रथा आहे. ती टाळावी. केस त्वचेचे उन्हापासून संरक्षण करतात आणि स्पिट्झ गटातील काही कुत्र्यांचे भादरलेले केस महिनोन्महिने परत येत नाहीत. आतली लोकर विंचरून काढली की हवा खेळती राहते. पोटाचे आणि पंजांमधील केस कापण्यास हरकत नाही.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. नागपूर, जयपूर किंवा हैदराबादच्या मे महिन्यात त्याला सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर उशिराच बाहेर न्यावे. हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता पंजांसाठीही तापलेला आहे. बंद मोटारीत दहा मिनिटेही ठेवू नये. उष्माघातात कुत्रा जोरजोरात धापा टाकतो, लाळ गाळतो, लडखडतो, हिरड्या गडद लाल होतात. अशा वेळी आधी साधे नळाचे पाणी सर्वांगावर ओतून पंख्याचा वारा घालावा आणि थंड करतच दवाखान्यात न्यावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उष्णता आत कोंडते.

गोचीड: घरातच राहणारा शत्रू

भारतातील पाळीव कुत्र्यांच्या आजारांमध्ये गोचिडांपासून होणाऱ्या तापांचा वाटा मोठा आहे. येथे आढळणारी तपकिरी गोचीड ही जंगलातील नव्हे, तर घरातील कीड आहे. ती रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या घडीत अंडी घालते. एका मादीची अंडी हजारांच्या घरात जातात. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी ही घरातील एकूण संख्येची केवळ झलक असते, म्हणून कुत्रा बाहेर फारसा जात नाही हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

या गोचिडीमार्फत एर्लिकिया आणि बबेसिया या रोगांचे जंतू रक्तात शिरतात. ताप, खाणे बंद होणे, सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे, पोटावर लाल ठिपके किंवा गडद रंगाची लघवी यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून औषध मध्येच थांबवण्याची चूक अनेक जण करतात. रोग दबून राहिला, तर पुढे अस्थिमज्जाच निकामी होते आणि त्या टप्प्यावर हाती फारसे काही उरत नाही.

गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांनी चिरडू नये. रॉकेल लावण्याचा जुना उपाय त्वचा भाजणारा आणि चाटल्यास फुप्फुसांना इजा करणारा आहे. वजनानुसार द्यायच्या गोळ्या किंवा मानेवर टाकायचे थेंब पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्षभर वापरावेत. मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून अर्धी देऊ नये. कुत्र्याला कधी फिट आली असल्यास ते आधीच सांगावे, कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. त्याच वेळी घरातील भेगा बुजवणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि झोपण्याची जागा झाडून काढणे आवश्यक असते.

लसीकरण

पिल्लांना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांविरुद्धची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत दिली जाते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देऊन नंतर नियमित पुनर्मात्रा द्यावी लागते. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही भारतात महत्त्वाची आहे. हा रोग माणसांनाही होतो. 'आमचा कुत्रा घरातच असतो' या कारणाने रेबीजची लस टाळणे धोक्याचे आहे. कुत्रा चावल्यास, तो घरचा असो वा रस्त्यावरचा, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

माद्यांचे आजार

नसबंदी न केलेल्या माद्यांना होणारा गर्भाशयात पू साठण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, हा घरगुती 'पॉम' माद्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींवरून, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास पाव माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो, असे आढळले आहे. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी मादी वारंवार पाणी पिऊ लागते, खात नाही, उलट्या करते, पोट फुगते. कधी योनीतून पू येतो; कधी गर्भाशयाचे तोंड बंद असल्याने बाहेर काहीच दिसत नाही आणि हा प्रकार अधिक घातक असतो. वय झाले, उन्हाने तहान लागते, अशी समजूत करून घेण्यात दोन-तीन दिवस जातात. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपचार आहे आणि आजारी, वयस्क मादीवर ती करणे तरुण व निरोगी मादीवर करण्यापेक्षा कितीतरी जोखमीचे ठरते.

'एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत' या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट लहान चणीच्या मातांना व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत रक्तातील कॅल्शियम घटून थरथर, ताठरपणा आणि झटके येऊ शकतात. ही तातडीची अवस्था असते. गाभण असताना स्वतःहून कॅल्शियमची औषधे पाजल्याने हा धोका कमी न होता वाढतो.

दात, गुडघे, श्वासनलिका

लहान जबड्यात ४२ दात दाटीने बसतात. दुधाचे सुळे वेळेवर न पडता कायमच्या दातांशेजारी राहतात आणि तेथे कीटण साचते. तोंडाची दुर्गंधी हा स्वभावधर्म नसून हिरड्यांचा रोग असतो. कुत्र्यांसाठीच्या पेस्टने रोज दात घासावेत, माणसांची पेस्ट वापरू नये.

चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारणे आणि थोड्या वेळाने पूर्ववत चालणे, हे गुडघ्याची वाटी सरकत असल्याचे लक्षण आहे. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी टाकणे, सोफ्यावरून उड्या मारू न देणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी सौम्य प्रकार सांभाळता येतो. बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येत असल्यास श्वासनलिका चपटी होत असावी. असा खोकला असो वा नसो, लहान कुत्र्याला फिरवताना गळपट्ट्याला दोरी न लावता छातीवरून जाणारा पट्टा वापरणे हितावह आहे.

वृद्धापकाळ

हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे सहज जगतो. पिल्लू घरी आणणारे शाळकरी मूल नोकरीला लागेपर्यंत तो घरात असतो, याचा विचार आधी व्हायला हवा. भुंकण्याच्या तक्रारींमुळे किंवा घर बदलताना कुत्रा सोडून देण्याचे प्रकार शहरांत घडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. त्याचबरोबर गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नमूद आहे.

आठव्या-नवव्या वर्षापासून वर्षातून दोनदा तपासणी करावी. डोळ्यांतील मोतीबिंदू, मूत्रपिंडाचे विकार आणि हृदयाची झडप सैल होणे हे लहान कुत्र्यांच्या उतारवयातील नेहमीचे आजार आहेत. हृदयाच्या आजाराचा अंदाज घरबसल्या घेता येतो. कुत्रा गाढ झोपेत असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते, ते आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहावे. हा आकडा सतत तीसच्या वर राहू लागला, तर खोकल्याची वाट न पाहता ती वही घेऊन पशुवैद्यकाकडे जावे.